जॉर्जियातले रस्त्याकडेचे सिव्हिल वॉर मार्कर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अटलांटाच्या आसपास राहणारी मराठी मंडळी शनिवारी-रविवारी गाडी काढून हिंडतात आणि दर दोन मैलांवर दिसणाऱ्या हिरवट लोखंडी पाट्यांचे फोटो मला पाठवतात. "हे काय आहे?" पासून "आमच्या मागच्या अंगणात तोफगोळा सापडलाय" पर्यंत सगळं विचारून झालंय. तेच तेच उत्तर किती वेळा टाइप करायचं, म्हणून हे एकदाच नीट लिहून ठेवतोय. सिव्हिल वॉर म्हणजे १८६१ ते १८६५ चं अमेरिकेचं यादवी युद्ध: एका बाजूला उत्तर (संघराज्य), दुसऱ्या बाजूला गुलामगिरी टिकवायला फुटून निघालेली दक्षिणेतली राज्यं (कॉन्फेडरसी). जिथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळतात तिथे क्रमांक दिलाय, तिकडे जाऊन वाचा.

१. मार्कर म्हणजे नक्की काय? पुतळा, स्मारक आणि मार्कर एकच का?

एक नाही. स्मारक कुणाच्या तरी गौरवासाठी उभारलेलं असतं. मार्कर म्हणजे खांबावरची माहितीची पाटी: या जागी अमुक तारखेला अमुक फौज होती, इतकंच सांगणारी. मजकूर शंभरेक शब्दांचा, अक्षरं धातूत उठवलेली, वर राज्याची मुद्रा. पाटी बहुधा ओतीव ॲल्युमिनियमची असते, त्यामुळे "लोखंडी" हा माझा शब्दही खरा नाही, पण तोंडात बसलाय.

व्यवहारात मात्र ही सीमा धूसर आहे. केनेसॉ माउंटनजवळ चीटम हिलवर इलिनॉय राज्याने १९१४ मध्ये उभारलेला संगमरवरी स्तंभ आहे, ते उघडच स्मारक. पण ईस्ट अटलांटात घरांच्या मधोमध कुंपणात उभी केलेली तोफेची नळी दिसते. जनरल मॅकफर्सन २२ जुलै १८६४ ला जिथे पडला ती ही जागा. युद्धात मारला गेलेला, एका अख्ख्या फौजेचा प्रमुख असलेला उत्तरेचा एकमेव जनरल तो. त्याच दिवशी पडलेल्या दक्षिणेच्या जनरल वॉकरसाठीही तशीच एक नळी थोड्या अंतरावर उभी आहे. आता याला स्मारक म्हणायचं की जागेची खूण? मी खूण म्हणतो.

२. या पाट्या लावतं कोण? सरकार का?

जॉर्जियात बहुतेक जुन्या पाट्या जॉर्जिया हिस्टॉरिकल कमिशनच्या. १९५१ मध्ये स्थापन झालेली ही राज्य सरकारची संस्था. तिने जवळजवळ दोन हजार मार्कर लावले आणि त्यांतला मोठा वाटा सिव्हिल वॉरचा. १९९८ पासून नवे मार्कर लावण्याचं काम सव्हानातली जॉर्जिया हिस्टॉरिकल सोसायटी करते.

व्हर्जिनिया यात बरंच पुढे होतं. तिथला कार्यक्रम १९२७ पासून, सुरुवात रूट १ या हमरस्त्यावरून. मोटारगाड्या वाढत होत्या, पर्यटक हवे होते. इतिहासप्रेमापेक्षा पेट्रोलपंपाचा धंदा जास्त कारणीभूत असं मी चेष्टेत म्हणतो, पण चेष्टा फारशी नाही. पेनसिल्व्हेनियाच्या पाट्या निळ्या-सोनेरी असतात. लाल बिगुलाचं चिन्ह दिसलं तर ती 'सिव्हिल वॉर ट्रेल्स'ची जागा. हा अनेक राज्यांचा मिळून १९९४ पासूनचा उपक्रम, आणि तिथे खांबाऐवजी नकाशा आणि चित्रं असलेला उतरता फलक असतो.

शिवाय खासगी दगड वेगळेच. 'युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी'सारख्या संघटनांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रस्तोरस्ती दगड बसवले. दगडावर राज्याची मुद्रा नसेल तर मजकूर सरकारने तपासलेला नाही असं समजा.

३. पाटी वाचायची कशी? मला तर चार ओळींनंतर झोप येते.

खालून वर वाचा. खरंच. तळाशी छोट्या अक्षरांत कुणी लावली आणि कोणत्या वर्षी ते लिहिलेलं असतं. ती ओळ आधी वाचायची. मार्करवर दोन काळ असतात: ज्या वर्षाची गोष्ट आहे ते आणि ज्या वर्षी ती सांगितली ते. १८६४ ची लढाई १९५४ मध्ये सांगितली असेल आणि तीच २०१० मध्ये सांगितली असेल, तर तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी वाचताय (का ते प्रश्न ९ मध्ये).

मग क्रमांक. जुन्या राज्य-मार्करवर ०३३ किंवा ०६० अशी सुरुवात असलेला आकडा असतो. जॉर्जियात १५९ काउंट्या आहेत, त्यांना वर्णानुक्रमे क्रमांक दिलेत. कॉब ०३३, डीकाल्ब ०४४, फुल्टन ०६०. डॅशनंतरचा आकडा त्या काउंटीतला अनुक्रम. पाटी हलवलेली असली तरी या क्रमांकावरून तिची नोंद सापडते. 'हिस्टॉरिकल मार्कर डेटाबेस' नावाची साइट २००६ पासून आहे, तिथे शोधलंत तर पाटीचा फोटो, पूर्ण मजकूर आणि नकाशावरची जागा बहुधा मिळते.

आणि सगळ्यात शेवटी मजकूर. तोही बाणासारखा वाचा: कोण, कुठून, कुठे. "पूर्वेकडे", "या रस्त्याने", "येथून अर्ध्या मैलावर" असे शब्द येतात तेव्हा फोनमधलं होकायंत्र उघडून त्या दिशेला तोंड करून उभं राहा. माझ्या मुलीने सहावीत असताना हे केलं आणि म्हणाली, "म्हणजे ते लोक आपल्या पब्लिक्स सुपरमार्केटच्या पार्किंगमधून आले!" तिला ती मोहीम तेव्हा कळली. मला त्याआधी पाच वर्षं कळली नव्हती.

४. "१५ ए.सी." म्हणजे काय? आणि प्रत्येक जनरलच्या नावापुढे "यूएस" का?

ए.सी. म्हणजे आर्मी कोअर. वातानुकूलित डब्याशी संबंध नाही, हा विनोद मला आत्तापर्यंत किमान वीस जणांनी ऐकवलाय. कोअर म्हणजे दोन-तीन डिव्हिजनांची तुकडी, साधारण दहा-पंधरा हजार माणसं.

कंसातली अक्षरं नीट पाहा. "यूएस" म्हणजे उत्तरेची, संघराज्याची फौज. "सीएस" म्हणजे दक्षिणेचे कॉन्फेडरेट. दोन्ही बाजूंचे बरेच अधिकारी एकाच वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीचे, आडनावंही तीच, त्यामुळे ही अक्षरं नसती तर पाटी वाचून लढाई उलटी कळली असती.

५. एका पाटीवर टेनेसीची फौज उत्तरेकडून लढते, दुसरीवर दक्षिणेकडून. छपाईची चूक आहे का?

चूक नाही, पण गफलत होण्यासारखंच आहे. उत्तरेची फौज "आर्मी ऑफ द टेनेसी", कारण त्यांनी फौजांना नद्यांची नावं दिली. दक्षिणेची "आर्मी ऑफ टेनेसी", कारण त्यांनी राज्यांची. फरक फक्त मधल्या "द"चा, आणि मराठीत तो फरक करायला शब्दच नाही. मी सांगताना "टेनेसी नदीवाली" आणि "टेनेसी राज्यवाली" असं म्हणतो. दोघी अटलांटापाशी समोरासमोर आल्या.

लढायांच्या नावांतही हीच भानगड. उत्तरेने ओढ्याचं नाव दिलं (बुल रन, अँटिएटम), दक्षिणेने जवळच्या गावाचं (मनॅसस, शार्प्सबर्ग). एक लढाई, दोन नावं.

आणखी एक: "अटलांटाची लढाई" म्हणजे फक्त २२ जुलै १८६४ चा एक दिवस. "अटलांटा मोहीम" म्हणजे मे महिन्याच्या सुरुवातीपासून २ सप्टेंबरला शहर पडेपर्यंतचे चार महिने.

६. एका दिवसात पाहायचं तर कुठून कुठे जाऊ?

सगळे केनेसॉपासून सुरू करतात आणि उत्तरेला जातात. उलट करा. सकाळी आय-७५ या इंटरस्टेट महामार्गाने सरळ रिंगगोल्डला जा आणि तिथून जुन्या हायवे ४१ ने खाली या. उत्तरेचा जनरल शर्मन १८६४ मध्ये असाच आला. त्याच्याकडे लाखभर माणसं होती आणि त्यांना खायला घालणारी चट्टनूगा ते अटलांटा अशी एकच रेल्वे. म्हणून बहुतेक लढाया त्या रुळांना चिकटून आहेत आणि म्हणूनच बहुतेक मार्करही.

रिंगगोल्ड, डॉल्टनजवळची मिल क्रीक खिंड, रेसाका, कॅसव्हिल आणि न्यू होप चर्च अशा पाच ठिकाणी छोटे दगडी कट्टे आहेत. १९३० च्या दशकातल्या महामंदीनंतर बेकारांना काम देण्यासाठी सरकारने जी कामं काढली त्यांतलं हे एक. गाडीतून उतरायचं, पाटी वाचायची, डबा खायचा, पुढे निघायचं, अशा बेताने बांधलेले. रेसाकाचं रणांगण आय-७५ ने चिरलेलं आहे, तुम्ही शंभर वेळा त्यावरून गेला असाल.

कॅसव्हिलला थांबाच. उत्तरेच्या सैन्याने हे गाव नोव्हेंबर १८६४ मध्ये जाळलं, आणि ते पुन्हा पहिल्यासारखं उभं राहिलं नाही. तिथे पाटीखेरीज पाहायला फारसं काही नाही, तेच पाहायचं. पुढे ॲलाटूना खिंडीत रेल्वेसाठी डोंगर कापलेला खोल चर अजून आहे. पावसाळी दिवशी त्यात शिरलं की खंडाळ्याचा घाट आठवतो.

केनेसॉ शेवटी ठेवा. २७ जून १८६४ ला शर्मनने इथे समोरून चढाई केली आणि सुमारे तीन हजार माणसं गमावली. मुलं सोबत असतील तर गावातल्या संग्रहालयात 'जनरल' नावाचं इंजिन दाखवा. एप्रिल १८६२ मध्ये उत्तरेच्या हेरांनी ते पळवलं आणि गाडीचा कंडक्टर विल्यम फुलर आधी पायी, मग मिळेल त्या इंजिनाने त्यांच्या मागे लागला. या फुलरचं नाव लक्षात ठेवा, प्रश्न ९ मध्ये परत येईल.

७. गाडी कुठेही थांबवली तर चालते का?

इंटरस्टेटवर नाही, तिथे संकटाखेरीज थांबणं बेकायदा आहे. म्हणूनच मार्कर जुन्या रस्त्यांवर असतात. जुन्या रस्त्यांवरही सगळीकडे थांबायला जागा नाही. पाट्या लावल्या तेव्हा गाड्या तीसच्या वेगाने जात, आता पंचावन्नने. पुढच्या चर्चच्या किंवा दुकानाच्या आवारात गाडी लावून चालत या. कुणाच्या खासगी ड्राइव्हवेत शिरू नका, विशेषतः ग्रामीण भागात.

८. जिथे पाटी, तिथेच लढाई झाली का?

बहुधा जवळपास. रस्ता रुंद झाला, पेट्रोलपंप आला, कुणी ट्रकने खांब पाडला, की पाटी शंभर-दोनशे यार्ड सरकते. मजकूर मात्र तोच राहतो. "येथे" म्हणजे नेमकं कुठे, हे मग फक्त जुन्या नकाशाला माहीत.

याचा सगळ्यात विचित्र नमुना अटलांटात मोरलँड अव्हेन्यू आणि आय-२० च्या चौकात आहे. २२ जुलैला जिच्यासाठी दिवसभर माणसं मरत होती ती लेगेट्स हिल इथली. आय-२० बांधताना टेकडीचा बराचसा भाग कापला गेला. आता पाटी आहे, रॅम्प आहे, ट्रकांची घरघर आहे, टेकडी नाही. मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा वर चढायची वाट शोधत दहा मिनिटं फिरलो.

उलट टोकाचं उदाहरण व्हर्जिनियातलं. चॅन्सलर्सव्हिलला २ मे १८६३ च्या रात्री दक्षिणेच्या जनरल 'स्टोनवॉल' जॅक्सनला त्याच्याच माणसांच्या गोळ्या लागल्या आणि डावा हात कापावा लागला. आठ दिवसांनी तो दुसरीकडे वारला आणि लेक्सिंग्टनला पुरला गेला, पण हाताचा दगड एलवुड नावाच्या शेतावर वेगळा आहे, १९०३ पासून. इतकी नेमकी खूण फार थोड्या मोहिमांना लाभलीय.

९. पाटीवरचा मजकूर एकांगी वाटतो. गुलामगिरीचा शब्दही नाही. माझा गैरसमज आहे का?

गैरसमज नाही. आता तळाची ओळ (प्रश्न ३) कामाला येते.

जॉर्जियातल्या बहुतेक युद्ध-पाट्या १९५० च्या दशकातल्या. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधली वर्णभेदी विभागणी घटनाबाह्य ठरवली आणि १९५६ मध्ये जॉर्जियाने आपल्या राज्यध्वजात कॉन्फेडरेट रणध्वजाचं चिन्ह घातलं. ते २००१ पर्यंत होतं. त्याच वर्षांत रस्त्याकडेला हजारो शब्द ओतले जात होते, आणि त्यांत ब्रिगेड होत्या, खंदक होते, पूल होते. जे चाळीस लाख लोक गुलामगिरीत होते आणि ज्यांच्यावरून हे युद्ध पेटलं, ते नव्हते.

अटलांटा मोहिमेचे कितीतरी मजकूर एकाच माणसाने लिहिले: विल्बर कर्ट्झ. पेशाने चित्रकार, १९३९ च्या 'गॉन विथ द विंड' या गाजलेल्या अटलांटापटाचा इतिहास-सल्लागार, आणि इंजिनामागे धावलेल्या त्याच फुलरचा जावई. पाट्यांमधल्या त्याच्या जागा आणि तारखा फार काटेकोर आहेत, वाचून पायी फिरता येतं. मला तो आवडतो. पण त्याच्या पाटीवरून शेतातून फौज जाते तेव्हा शेतात राबणारं कुणी दिसत नाही, हेही तितकंच खरं.

२०१० मध्ये जॉर्जिया हिस्टॉरिकल सोसायटीने एफिंगहॅम काउंटीत, रिंकनजवळ, एबेनेझर क्रीकची पाटी लावली. ९ डिसेंबर १८६४ ला शर्मनची चौदावी कोअर हा ओढा ओलांडत होती. मागून मुक्त झालेली शेकडो काळी माणसं येत होती, बायका-मुलांसह. सैनिक पार झाले आणि तरंगता पूल काढून घेण्यात आला. पाठीवर कॉन्फेडरेट घोडदळ. लोकांनी पाण्यात उड्या टाकल्या, कित्येक बुडाले. ही बाब घटनेनंतर १४६ वर्षांनी पाटीवर आली.

याची बातमी वॉशिंग्टनला पोचली आणि युद्धमंत्री स्टँटन सव्हानाला आले. १२ जानेवारी १८६५ ला त्यांनी आणि शर्मनने वीस काळ्या धर्मोपदेशकांना बोलावून विचारलं, तुम्हाला काय हवंय? गॅरिसन फ्रेझर या त्यांच्या म्होरक्याने जमीन मागितली. चार दिवसांत शर्मनने किनाऱ्यालगतची जमीन चाळीस-चाळीस एकरांनी देण्याचा हुकूम काढला. लिंकनच्या खुनानंतर आलेल्या अध्यक्ष जॉन्सनने त्याच वर्षी तो फिरवला.

१०. त्याच पाटीवर पूल काढणारा उत्तरेचा जनरल "जेफरसन डेव्हिस" आहे. तो तर दक्षिणेचा अध्यक्ष ना?

दोन वेगळी माणसं. उत्तरेचा तो जेफरसन सी. डेव्हिस, इंडियानाचा. मधलं "सी" वाचायचं राहतं आणि मग मला फोन येतो.

११. शर्मनने अटलांटा ते सव्हाना सगळं जाळलं का? पाट्या वेगवेगळं सांगतात.

१५ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १८६४, सुमारे साठ हजार माणसं, दोन फळ्या, साठ मैलांचा पट्टा. रेल्वे, गोदामं, कापसाचे जिन, कारखाने पद्धतशीर उखडले. रूळ आगीत तापवून झाडाभोवती पिळले, त्यांना "शर्मनचे नेकटाय" म्हणत. धान्य आणि जनावरं लुटली. घरं सरसकट जाळली नाहीत. मॅडिसनसारख्या वाटेवरच्या गावांत युद्धाआधीची घरं आजही उभी आहेत. २०१४ मध्ये अटलांटात लावलेल्या नव्या मार्करने हेच स्पष्ट लिहिलं आणि बरेच जुने लोक चिडले. आजीकडून ऐकलेलं पाटीवर खोडलं की माणूस चिडतोच, आपल्याकडेही.

१२. पाटी मोडलीय किंवा गायब आहे. कुणाला सांगू?

क्रमांक आणि जवळचा चौक घेऊन जॉर्जिया हिस्टॉरिकल सोसायटीला कळवा. स्वतः उचलून नीट लावायला जाऊ नका. राज्यात २०१९ च्या कायद्याने सार्वजनिक स्मारकांना हात लावणं फार महागात पडू शकतं.

१३. पाटीजवळ जुनी गोळी सापडली. घरी नेऊ का?

राष्ट्रीय रणांगण-उद्यानात, उदाहरणार्थ केनेसॉला, तर अजिबात नाही. तिथे मेटल डिटेक्टर चालवणंही गुन्हा आहे. खासगी जमिनीवर मालकाची लेखी परवानगी हवी. आणि अंगणात तोफगोळा सापडलेल्या त्या काकांसाठी पुन्हा एकदा: हात लावू नका, ९११ ला फोन करा. २००८ मध्ये व्हर्जिनियात असाच जुना गोळा साफ करताना एक संग्राहक ठार झाला. दीडशे वर्षांची दारूसुद्धा दारूच असते.

१४. आपण नवीन मार्कर सुचवू शकतो का? नागरिकत्व लागतं का?

सुचवू शकता. नागरिकत्व विचारत नाहीत, पुरावे विचारतात: मूळ कागद, पत्रं, नकाशे, जमीनमालकाची संमती. "सगळ्यांना माहीत आहे" हा पुरावा धरत नाहीत. खर्चाचा वाटा प्रस्ताव देणाऱ्याने उचलायचा असतो. ओतकाम बहुधा ओहायोतल्या मॅरिएटा गावच्या 'सीवा स्टुडिओज'कडे जातं. संस्थापकाचं आडनाव हॉज, ते इंग्रजीत उलटं लिहिलं की सीवा. (आपली मॅरिएटा जॉर्जियातली. दोघींत गोंधळून एकाने तिकडचं हॉटेल बुक केलं होतं.)

१५. आपला, मराठी माणसाचा, या युद्धाशी काही संबंध आहे का?

पाट्यांवर शोधलात तर नाही. पण शर्मनने २२ डिसेंबर १८६४ ला लिंकनला नाताळची भेट म्हणून सव्हाना शहर देऊ केलं, त्या तारेत तोफा आणि दारूगोळ्याबरोबर पंचवीस हजार गाठी कापूस मोजला होता. तिथे मी दर वेळी अडखळतो, कारण मी वऱ्हाडचा.

युद्धाआधी इंग्लंडच्या गिरण्यांचा सुमारे तीन-चतुर्थांश कापूस याच दक्षिणेतून जायचा. १८६१ मध्ये उत्तरेने बंदरं रोखली आणि लिव्हरपूलचे डोळे मुंबईकडे वळले. खानदेश-वऱ्हाडातल्या कापसाला कधी न मिळालेला भाव आला, मुंबईत समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या, शेअर वेड्यासारखे चढले. एप्रिल १८६५ मध्ये व्हर्जिनियातल्या ॲपोमॅटॉक्सला दक्षिणेचा सेनापती ली शरण आला आणि भाव कोसळला. कापूस आणि शेअरचे बडे दलाल प्रेमचंद रायचंद बुडाले, बँक ऑफ बॉम्बे बुडाली. कापूस मात्र आमच्याकडे राहिला. खामगावचा रेल्वेफाटा १८७० मध्ये उघडायला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते.

मॅडिसनजवळच्या एका पाटीवर जाळलेल्या जिनचा उल्लेख वाचत उभा होतो तेव्हा वडिलांचा व्हिडिओ कॉल आला. पाटी दाखवली. त्यांनी पाटी सोडून मागच्या शेताकडे पाहिलं आणि विचारलं, "कपाशी किती फुटावर लावलीय रे त्यांनी?"